कावी-कंबोईचा चिखल, खंबातचा अकीक आणि लोथल: बडोद्याहून दोन दिवस

तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. अलिबागच्या मामांचे हे गणित कोकणात चुकत नाही, म्हणून आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवला. तुळशीचे लग्न आटोपल्यावरची संकष्टी, शनिवार. चतुर्थीची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती, नऊला ओहोटी. सकाळी नऊला खंबातच्या आखातावरच्या कावी-कंबोईला पोचू, स्तंभेश्वराची पिंड (शंकराचे हे देऊळ भरतीत पाण्याखाली जाते) उघडी असेल, दर्शन घेऊन बाराला निघू आणि चंद्रोदयाच्या कितीतरी आधी बडोद्यात दांडिया बाजारात घरी, असा सरळ बेत. त्यातून एका व्हिडिओत ठासून सांगितले होते की केव्हाही जा, दर्शन होतेच.

नऊ वाजता पोचलो तर पिंड कुठली आणि देऊळ कुठले! मातकट पाणी काठापर्यंत भरलेले, गाभारा पूर्ण पाण्याखाली. फुलांचे दुकान मांडून बसलेल्या एका काकांना विचारले, तर ते म्हणाले, "बेन, आ मुंबईनो दरियो नथी." हा मुंबईचा समुद्र नव्हे. साडेबाराशिवाय पिंड दिसायची नाही, असेही सांगितले. आणि साडेबारालाच दिसली.

पहिला सल्ला हाच. मुंबईच्या भरतीचे कोष्टक, कोकणातल्या नातेवाइकांचे गणित, यातले काहीही या आखातात चालत नाही. खंबातचे आखात नरसाळ्यासारखे आहे, सुमारे १३० किलोमीटर आत घुसलेले, तोंडाशी रुंद, पुढे निमुळते आणि उथळ. अरबी समुद्राचे पाणी आत ढकलले जाते, त्याला आजूबाजूला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ते वर चढते. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर वरखाली होते, तर भावनगरच्या बाजूला ते दहा मीटरच्या वर जाते. आणि ही लाट आत पोचेपर्यंत तास जातात. आम्ही गेलो त्या दिवशी मामांच्या आकड्यात आणि कावीच्या पाण्यात जवळजवळ पाच तासांचा फरक होता. रोज वेळ पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते, ते वेगळेच. त्यामुळे निघण्यापूर्वी देवळात विचारा, तिथे तिथीप्रमाणे वेळा सांगतात. बडोद्याहून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर येऊन साडेतीन तास पारावर बसायचे नसेल तर हे कराच.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पादरा, जंबुसर, कावी. दोन्ही बाजूंना कपाशीची आणि तुरीची काळी जमीन, मध्येच शेतात मान वरखाली करणारे तेलाचे पंप. कावीत सासू आणि सून अशा दोघींच्या नावाने ओळखली जाणारी जुनी जैन देरासरे आहेत, ती थांबण्याच्या साडेतीन तासांत पाहून घेतली. छान आहेत.

आता त्या चिखलाबद्दल. याच्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

दर्शनानंतर पाणी झपाट्याने मागे गेले. दीड वाजता समोर समुद्र म्हणून काही उरलेच नाही, नजर पोचेल तिथवर करडी, चकचकीत, सपाट जमीन. लांबवर माणसे चालताना दिसत होती. ही माणसे पगडिया, म्हणजे होडीशिवाय पायी जाऊन ओहोटीत जाळी लावणारे मच्छीमार. ती चालतात तर आपणही चालू, असे माझ्या धाकट्या दिराने ठरवले. तो पुण्याचा, दर शनिवार-रविवार सह्याद्रीत चढणारा, अंगात ताकद भरपूर, पायात घोट्याच्या वर येणारे चांगले ट्रेकिंगचे बूट. मी आणि हे मागून निघालो.

पहिली शंभर-सव्वाशे पावले काही वाटले नाही. वरचा थर उन्हाने सुकलेला, त्यावर बारीक भेगा आणि खेकड्यांची बिळे. मग एका जागी रंग बदलला. करडी माती जरा निळसर दिसायला लागली आणि तिच्यावर तेलकट तकाकी होती. दिराचा उजवा पाय तिथे पडला आणि गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला त्याने डाव्यावर जोर दिला, तो मांडीपर्यंत गेला. जितका ओढावा तितका खाली. मी हात धरायला पुढे झाले, तर माझाही घोटा गेला. ह्यांनी ओरडून मला मागे बोलावले नसते तर दोघे रुतलो असतो.

एक पगडिया काका लांबून पळत आले. चालत येताना ते टाच टेकवत नव्हते, पावले भराभर आणि चवड्यावर पडत होती. आल्याआल्या म्हणाले, "खेंचो नहि, आडा पडी जाव." ओढू नका, आडवे पडा. दीर पाठीवर रेलला. काकांनी हाताने मांडीभोवतीचा चिखल खरवडून फट केली, डबक्यातले पाणी ओंजळीने तिच्यात सोडले आणि पाय हलके हलके गोल फिरवायला सांगितला. पाणी आत गेले तसा चोखल्यासारखा आवाज होऊन पाय सुटला. बूट आतच राहिले, दोन्ही. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात काका तीनदा मान वळवून समुद्राच्या दिशेने पाहत होते, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. तीननंतर पाणी परतायला लागले. किनाऱ्यावर उभे राहून मी घड्याळ लावून पाहिले. ज्या जागी आम्ही होतो तिथवर पाणी यायला फार वेळ लागला नाही, आणि ते समोरून लाटेने येत नाही. ते आधी बाजूच्या नाळांतून गुपचूप आत शिरते, तुमच्या मागे जाते, आणि मग मधली जमीन बेट होते.

म्हणून स्पष्ट सांगते. देवळाच्या काठाच्या पलीकडे एक पाऊलही टाकू नका. तुम्ही किती किल्ले चढला आहात याचा इथे काही उपयोग नाही. जड बूट तर घातकच, ते चिखलात बूच बसवल्यासारखे बसतात. जायचेच असेल तर रोज जाणाऱ्या माणसाबरोबर, अनवाणी, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून. काकांनी पैसे घेतले नाहीत. खिचडीचा डबा मात्र घेतला.

हा चिखल येतो कुठून, ते घरी येऊन वाचले. साबरमती, मही, ढाढर, नर्मदा, तापी अशा नद्या आपापला गाळ याच आखातात आणून टाकतात. आपली बडोद्याची विश्वामित्रीसुद्धा ढाढरमधून इथेच येते, म्हणजे काळा घोडा पुलाखालची माती दिराच्या बुटांवर बसली असेल. भरती हा गाळ आत लोटते, ओहोटी थोडा बाहेर नेते, आणि उरलेला साचत राहतो. किनाऱ्यावर तिवरांची लावण केलेली आहे, तिथे तेवढी माती धरून राहिलेली दिसते.

आणि हे सगळे दोन हजार वर्षांपूर्वी एकाने लिहून ठेवले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याचा 'पेरिप्लस' नावाचा सागरी मार्गदर्शक आहे. त्यात भरूचचे नाव बॅरिगाझा. तो सांगतो की या आखातात शिरणे अवघड, पाणी क्षणात येते आणि क्षणात तळ उघडा पडतो, अमावास्येच्या रात्रीच्या भरतीत लांबून सैन्याच्या आरोळ्यांसारखा आवाज येतो. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक मच्छीमार ट्रॅपगा आणि कोटिंबा नावाच्या मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, आणि परक्या गलबतांना ओढून भरूचपर्यंत आणत. भरती असेल तेवढे चालायचे, ओहोटी लागली की खोल डोहात नांगर टाकून थांबायचे. बाहेरून दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे यायचे. उज्जैनहून अकीक (मण्यांचा रंगीत दगड) आणि तलम कापड भरूचला उतरायचे आणि बाहेर जायचे. मी हे आधीही वाचले होते. पण त्या काकांना मान वळवून पाहताना पाहिल्यावरच कळले की राजाने मच्छीमारांना पगार का दिला.

दुसऱ्या दिवशी खंबात. इथे बाहेरून येणाऱ्यांसाठी महत्त्वाचे. कावीहून नकाशावर खंबात अगदी समोर दिसते, महीच्या मुखापलीकडे. पादऱ्याहून गंभीरा पुलावरून बोरसदला जायचा जुना जवळचा रस्ता कोणी सांगितला तर ऐकू नका. तो पूल ९ जुलै २०२५ रोजी सकाळी कोसळला, गाड्या महीत पडल्या, माणसे गेली. आमच्या ओळखीचे कितीतरी लोक रोज त्यावरून नोकरीला जात. आता बडोद्याला परत या, आणि वासद, बोरसद करून जा. आम्ही रात्री घरी येऊन चंद्रोदयाला उपास सोडला आणि सकाळी सहाला निघालो.

खंबातच्या वाटेवर लुणेज लागते. १९५८ साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाला या खोऱ्यातला पहिला साठा तिथल्या विहिरीत मिळाला, मग १९६० मध्ये अंकलेश्वर, आणि १९६५ मध्ये आपली कोयलीची रिफायनरी. थांबून बघण्यासारखे तिथे काही नाही.

खंबातला समुद्र बघायला जाल तर निराश व्हाल. ज्या बंदराचा दबदबा इतका होता की १५८३ साली इंग्लंडच्या राणीने अकबराला पत्र लिहिताना त्याला खंबातचा राजा म्हटले, त्या बंदरासमोर आज गाळाचे मैदान आहे. व्यापार सुरतेला गेला. १३२५ सालची जामा मशीद मात्र सकाळच्या उन्हात जरूर पाहा.

खंबातला खरे जायचे ते अकीकसाठी. दगड खंबातचा नाही. तो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरचा, राजपीपळ्याच्या डोंगरांकडचा. आपल्या सह्याद्रीचा जो बेसाल्ट, त्याच्या पोकळ्यांत जमलेली सिलिका, पाण्याने वाहून गोट्यांच्या थरात पुरलेली. खणून काढल्यावर उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद भाजतात, त्याने आतले लोह लाल होते आणि पिवळट दगड रक्तासारखा दिसायला लागतो. एका घरात कारागीर मांडी घालून बसले होते. जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी सळई, तिच्या टोकाला डाव्या हाताने दगड टेकवलेला, उजव्या हातात बांबूच्या काडीला बसवलेला शिंगाचा छोटा हातोडा. हातोडा दगडावर पडतो, पण कपची सळईच्या बाजूने उडते. दहा-बारा ठोक्यांत वेडावाकडा खडा बोरासारखा गोल झाला. हडप्पा काळाचे अभ्यासक इथे येऊन बसतात ते याचसाठी, कारण इराकमधल्या ऊरच्या थडग्यांत सापडलेले लांब लाल मणी याच परंपरेतले.

खरेदीबद्दल. मशिदीजवळच्या एका दुकानात मला माळ १,८०० रुपयांना सांगितली, कारागिराच्या दारात तशीच ६५० ला मिळाली. दुकानातल्या माळेत दोन मणी काचेचे होते. भिंगातून बुडबुडे दिसले. खरा दगड गालाला लावला की गार लागतो आणि बराच वेळ गार राहतो. एकदम एकसारखा काळा रंग दिसला तर तो बहुतेक रंगवलेला. पण कारागिराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. घासण्याच्या चक्क्यांवरची धूळ फुप्फुसात जाऊन या गावात सिलिकोसिसने माणसे अकाली गेली आहेत, आणि त्या घरातले आजोबा एका वाक्यात दोनदा थांबत होते. सुतरफेणी आणि हलवासन घ्या, घरी सगळ्यांना आवडले.

एक गोष्ट सगळीकडे ऐकाल, की आखाताच्या तळाशी साडेनऊ हजार वर्षांचे बुडालेले शहर आहे. २००१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या सर्वेक्षणानंतर ही बातमी गाजली. तळातून खरवडून काढलेल्या लाकडाच्या तुकड्याचे वय तेवढे निघाले. लाकडाचे वय म्हणजे शहराचे वय नव्हे. ज्या पाण्याने आमच्यासमोर जमीन तासाभरात गिळली, ते पाणी लाकूड कुठून कुठे नेईल? माझा विश्वास बसला नाही.

लोथलवर मात्र बसतो. खंबातहून तारापूर, वटामण करून दीड-दोन तास. शुक्रवारी संग्रहालय बंद, तो दिवस टाळा. १९५४ मध्ये स्थळ सापडले आणि पुढे एस. आर. राव यांनी उत्खनन केले. इ.स.पू. २४०० च्या सुमाराचे हडप्पा संस्कृतीचे नगर. तिथला भाजक्या विटांचा हौद २०० मीटरहून लांब आणि सुमारे ३६ मीटर रुंद आहे. गोदी की तलाव यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. मी तज्ज्ञ नाही, पण हौदाच्या एका टोकाला जास्तीचे पाणी सोडायची वाट आहे, ती पाहिल्यावर मी गोदीच्या बाजूची झाले. कावीच्या पाण्याला वाट न देता जो बांधील त्याच्या भिंती एका उधाणात जातील. समुद्र तिथून आता दिसत नाही, सावली तर मुळीच नाही. पाणी बडोद्याहूनच न्या. संग्रहालयातले मणी आणि पर्शियन आखातातली ती गोल मुद्रा आधी पाहा, मग हौदाकडे जा.

हौदाच्या काठावरून मामांना फोन केला आणि सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाऊणपट बरोबरच आहे गो, कावीसाठी त्यात पाच मिळव, आणि गावात विचार." स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर येत्या अमावास्येपाशी मी पेन्सिलीने पाच लिहिले आहेत. त्या रात्री भरूचला नर्मदेच्या काठी थांबायचे आहे, आवाज ऐकायला.