तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चाळीस एकरांचं काय झालं?

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे मी व्याख्यानात सांगते. मग मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंच, “मॅडम, सुटले, पण जमीन मिळाली का त्यांना?” खेड्यातला कार्यक्रम असला की हमखास.

मिळाली होती. जेमतेम वर्षभर.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं होतं; गुलामगिरी टिकवायला दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली होती. जानेवारी १८६५ मध्ये दक्षिणेतल्या सव्हाना शहरात सरकारी फौजेचा जनरल शर्मन २० काळ्या धर्मोपदेशकांना भेटला. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले: जमीन द्या, आमच्या कष्टाने कसू. चार दिवसांत हुकूम निघाला. मालक पळून गेलेल्या किनाऱ्यावरच्या मळ्यांत कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन. सुमारे ४०,००० माणसं तिथे वसली.

माझे वडील तलाठी होते. हुकूम वाचून दाखवला तर म्हणाले, “नावावर केली का?” नव्हती. नुसता ताबा, मालकीचं काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मागाहून ठरवायचं होतं.

राष्ट्राध्यक्ष लिंकन गेले, त्यांच्या जागी अँड्र्यू जॉन्सन आले. बंडात सामील झालेल्या जुन्या मालकांना माफी आणि माफीसोबत जमीनही. ऑक्टोबरात त्याच किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावर वसलेल्या लोकांना हे सांगायला, सुटलेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड, याला धाडलं. मालकांना क्षमा करा, म्हणाला. बेटावरच्या तिघांच्या समितीने त्याला पत्र लिहिलं. त्यात मध्येच ‘आम्ही’चं ‘मी’ होतं, तिथे मी दर वेळी अडखळते: युद्धात तुमचा एक हातच गेला, तुम्ही कराल क्षमा. मला झाडाला बांधून ३९ फटके मारणाऱ्याला, माझ्या आईला नि बहिणीला उघडं करून झोडपणाऱ्याला मी कशी करू? आता वाटा तीनच: रस्ता, समुद्र, नाहीतर पूर्वीसारखं त्यांच्याच मर्जीवर राबणं.

जवळच्या सेंट हेलेना बेटावर मात्र अनेकांच्या जमिनी टिकल्या. तिथले मळे कर थकल्यामुळे जप्त होऊन विकले गेले होते, काळ्या कुटुंबांनी पैसे मोजून कागद घेतले होते. त्या कागदापुढे माफी चालली नाही. पुढे मृत्युपत्रं झाली नाहीत, वारस वाढत गेले, जमीन सामाईक राहिली. हे वडिलांना सांगत होते, तर मला थांबवून म्हणाले, “मग कुणीतरी बाहेरचा येऊन एका वारसाचा हिस्सा घेणार, आणि वाटणीचा दावा लावून सगळीच विकायला लावणार.”

अगदी तसंच झालं.