जांभळ्या टोपणाची बाटली आणि माझे चार हेलपाटे

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, भाताचाच मुलूख, त्यामुळे सुगी झाली की सूप घेऊन तांदूळ निवडायला बसणं हे आलंच. गेल्या वर्षी निवडता निवडता मी कच्चे तांदूळ खायला लागले, आधी दोन दाणे मग चिमूट मग मूठभर, सासूबाई म्हणायच्या अगं जंत होतील पोटात. शिवाय माळ्यावर चढलं तरी धाप लागायची, पण मी म्हटलं वय झालं. चाळिशी! नणंद आली होती, ती नर्स आहे, तिनं बघितलं आणि सरळ म्हणाली वहिनी हे तांदूळ, माती, बर्फ खावंसं वाटणं लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी तपासणी, करा.

सीबीसी गावाजवळच झाली, संध्याकाळी रिपोर्ट हातात. हिमोग्लोबिन ९.१. बाईमाणसाचं १२ च्या वर पाहिजे (गरोदर असेल तर ११, पुरुषांचं १३). यांनी लगेच मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणल्या, मी म्हटलं थांबा. ते बरं केलं, कारण बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, गोळ्या सुरू केल्यात का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या छान, आधी कारण बघू. हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही नावाचा आकडा असतो, ८० ते १०० पाहिजे, माझा ६६. म्हणजे तांबड्या पेशी बारीक. बारीक पेशी बहुतेक लोह कमी असल्यानं होतात, पण थॅलेसेमियाचा (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) वाहक असला तरी होतात, आणि तो वाहक असेल तर उगाच लोह खात बसायचं नाही. म्हणून फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२ (जीवनसत्त्व), स्मिअर (काचेवर रक्त पसरून पेशी बघणं) आणि एचपीएलसी (थॅलेसेमियाचा वाहक आहे का ते बघणारी तपासणी) लिहून दिलं.

आता खरी गोष्ट. सोमवारी बेळगावच्या लॅबमध्ये रक्त दिलं. पिवळ्या टोपणाची एक बाटली, जांभळ्या टोपणाची एक. घेणारी पोरगी फोनवर कुणाशी तरी बोलत होती, जांभळी बाटली भरली आणि तशीच ट्रेमध्ये ठेवली. मला तेव्हा काय कळतंय. "बुधवारी या."

बुधवारी गेले. काउंटरवरचा माणूस संगणकाकडे बघून, "अक्का, रिपोर्ट बंदिल्ला, नाळे बन्नी." म्हणजे आला नाही, उद्या या. गुरुवारी गेले, नाळे बन्नी. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, कन्नड बोलता येतं पण पावतीवरचं वाचायला एकेक अक्षर जुळवावं लागतं, म्हणून म्हटलं आपलंच काही चुकलं असेल. शुक्रवारी फोन केला तर फोन लागला नाही म्हणून परत गेले. बसचे पैसे जात नाहीत हे खरं, कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट, त्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट आहे, (माझी चंदगडची मावशी आली की तिला पूर्ण तिकीट, तिचं आधार महाराष्ट्राचं, त्यावरून दर वेळी भांडते) पण पंचवीस-सव्वीस किलोमीटर उभ्यानं येणं-जाणं, स्टँडवरून रिक्षा, आणि वर ते धापणं. शुक्रवारी परत "बंदिल्ला" म्हटल्यावर मी हललेच नाही. मागे रांग लागली तरी उभी. म्हटलं कुठे अडकलाय ते सांगा, नाहीतर मोठ्या साहेबांना बोलवा.

मग आतून एक वयस्कर टेक्निशियन आले, जाडजूड रजिस्टर घेऊन. सोमवारच्या पानावर बोट फिरवत माझ्या नावापाशी थांबले. नावापुढे लाल पेनानं लिहिलेलं, क्लॉट. सोमवारीच! जांभळ्या बाटलीतलं रक्त गोठलं म्हणून नमुना बाद केला होता आणि मला कुणी फोन करायचं कष्ट घेतलं नाही. वरून पिवळ्या बाटलीचा, म्हणजे फेरिटिन आणि बी१२ चा रिपोर्ट मंगळवारीच तयार होता, पण एचपीएलसी अपुरी म्हणून संगणक सगळाच रिपोर्ट अडवून बसलेला. तो माणूस तीन दिवस स्क्रीनवर तेच बघत होता आणि नाळे बन्नी म्हणत होता. मला तिथेच रडू आलं, रागानं.

त्या टेक्निशियनकाकांनी स्वतः रक्त घेतलं आणि जांभळी बाटली हळूच उलटी-सुलटी केली, मी मोजलं, आठ वेळा. म्हणाले आत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ते मिसळलं नाही तर गाठ होते, आणि जोरात हलवली तर पेशी फुटतात. तुम्हीही लक्ष ठेवा, उलटी केली नाही तर सांगा, लाजू नका. आणि "तयार असेल तेवढा रिपोर्ट द्या" असं पहिल्याच दिवशी म्हणा, देतात.

फेरिटिन निघालं ६, खूपच कमी. बी१२ ठीक. एचपीएलसी शनिवारी मिळाली, नॉर्मल, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या लोह खूप कमी असलं की त्यातला एचबीए२ चा आकडा, ज्यावरून थॅलेसेमियाचा वाहक ओळखतात, थोडा खाली दिसू शकतो, शंका आली तर लोह भरल्यावर परत करू. कारण सोनोग्राफीत सापडलं, गर्भाशयात गाठ, आणि पाळीत जास्त जातंय ते मी वर्षानुवर्षं "आमच्याकडे सगळ्यांचंच असं" म्हणून सोडून दिलेलं. त्याची ट्रीटमेंट वेगळी चालू आहे.

एक विसरले, ताप किंवा मोठं इन्फेक्शन असताना फेरिटिन करू नका, ते तेव्हा वाढतं आणि लोह पुरेसं आहे असं वाटतं. आणि गोळी चहाबरोबर घेऊ नका. मी जेवण झालं की लगेच कपभर घ्यायचे, तोही तासभर पुढे ढकललाय, जिवावर येतं. हिमोग्लोबिन १२ झालं तरी गोळ्या अजून तीन महिने चालू ठेवायच्या आहेत, साठा भरायला.

दुसऱ्यांदा रक्त घेतलं त्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत, एवढं खरं. रिक्षाचे मात्र माझेच गेले, चार दिवसांचे.