पट्ट्याची तीन भोकं

ओपीडीत आल्या आल्या, बसायच्या आधीच, त्याने कमरेचा पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. टोकाकडे कर्कटकाने पाडलेली, कडा उसवलेली तीन नवी भोकं होती.

"सात महिने, चौदा किलो वाढलो. आणि दहा दिवस झाले, गोळी बंद केलीय."

शेजारी बसलेल्या आईला हे तेव्हाच कळलं.

सात महिन्यांपूर्वी भिंतीपलीकडून आपल्याविरुद्ध कट शिजत असल्याचे आवाज ऐकू येतात म्हणून तो झोपत नव्हता, जेवत नव्हता. ओलान्झापिन या मानसिक आजारावरच्या गोळीने तिसऱ्या आठवड्यात आवाज थांबले. मी खूश. वजनकाटा माझ्याच खोलीत आहे. पण त्याचं वजन शेवटचं कधी केलं होतं, हे बघायला मला केसपेपर उलटत बसावं लागलं.

मी नेहमीचे आकडे काढले. 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्किझोफ्रेनियावरच्या आढाव्यानुसार, औषध चालू ठेवलेल्यांपैकी 27 टक्के जणांचा आजार वर्षभरात उलटला; ज्यांना औषधाऐवजी नुसती साधी गोळी दिली, त्यांच्यात 64 टक्के.

त्याने क्षणात हिशेब केला. "म्हणजे 36 जण औषधाशिवायही निभावले. आणि 27 जणांचं वजनही वाढलं असेल, वर आजारही उलटला. मी कुठल्यातला?"

हे आधीच सांगू शकेल अशी तपासणी नाही. तसं सांगितलं. तरी पहिल्या झटक्याला वर्षही झालेलं नसताना एकदम गोळी सोडणं मला जुगारच वाटत होतं, तेही बोललो. आई रडत म्हणाली, "जाड झाला तर झाला, माणसात तरी आहे." तो म्हणाला, "शरीर माझं आहे ना, आई?" दोघांचंही खरं होतं.

शेवटी ॲरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधावर ठरलं. वजन कमी वाढवतं, पण काहींना आतून बेचैनी येते, हेही बजावलं. साखर, कोलेस्टेरॉल तपासायला दिलं. आजार उलटतोय याची पहिली खूण आईला ठाऊक होती: मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. ती दिसली तर आईने मला फोन करायचा. "पण मला सांगून," त्याने अट घातली.

दोन आठवड्यांनी आला तो उभाच राहिला. पाय एका जागी ठरत नव्हते. "तुम्ही 'बेचैनी' म्हणालात. ही बेचैनी आहे?"

मी डोस निम्मा केला. मग वजन घेतलं आणि या वेळी लिहून ठेवलं.