आजींच्या बिलातले तेवीस युनिट

इंदूरच्या रामबागेत माझं एमपी ऑनलाइनचं कियोस्क आहे. विजेचं बिल, नळाची पट्टी, दाखले, परीक्षांचे फॉर्म, दिवसभर हेच चालतं. बिलं निघाली की सकाळपासून रांग लागते. एप्रिलमधल्या अशाच एका सकाळी मागच्या वाड्यातल्या आजी आल्या आणि नेहमीप्रमाणे मी नंबर टाकायच्या आधीच त्यांनी साडेतीनशे रुपये काउंटरवर ठेवले. त्यांचं बिल तीनशेच्या आसपासच येतं. स्क्रीनवर आकडा आला, 1,186.

"चुकीचा नंबर टाकलास गं," आजी म्हणाल्या. मी पुन्हा टाकला. तेच.

त्या काही बोलल्या नाहीत. जरा वेळाने म्हणाल्या, "मला चार दिवसांपूर्वीच शंका आली होती. मीटरवाला मुलगा म्हणाला, आजी, या वेळी जास्त आहे. तेव्हापासून फ्रीज बंद करून ठेवलाय. दूध दोन वेळा आणते."

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई एप्रिलच्या उन्हात दुधासाठी दोनदा खाली उतरते, हे ऐकून माझं कामात लक्ष लागेना. रांग भाच्यावर सोपवली आणि बिल घेऊन बसले.

आधी दिवस मोजले. आमच्याकडच्या सवलतीच्या योजनेत महिन्याचा वापर दीडशे युनिटांच्या आत असेल तर पहिल्या 100 युनिटांचे फक्त 100 रुपये लागतात. रीडिंग 33 दिवसांनी घेतलं तर मर्यादाही त्या हिशोबाने 165 होते. कधी कधी घोळ तिथे असतो. आजींचं रीडिंग बरोबर 30 दिवसांचं होतं. वापर 157. आदल्या महिन्यात 134.

म्हणजे मर्यादेच्या वर फक्त सात युनिट. पण नियम असा आहे की दीडशेची रेघ ओलांडली की फक्त वरच्या सात युनिटांना महाग दर लागत नाही, अख्खी सवलतच जाते. पहिल्या 50 युनिटांना चार रुपयांच्या वर, पुढच्या शंभरांना पाचच्या वर, त्यापुढे सहाच्या वर. शिवाय स्थिर आकार वाढतो, आणि त्यावर वीज शुल्क. मी आजींना कागदावर मांडून दाखवलं. शंभर रुपयांत बसणारी शंभर युनिटं एका झटक्यात पुऱ्या दराची झाली होती. लोक समजतात दर वाढले. कित्येकदा दर तेच असतात, घर रेघेच्या पलीकडे गेलेलं असतं.

आता प्रश्न होता, आदल्या महिन्यापेक्षा वाढलेली ही 23 युनिटं आली कुठून? एकट्या बाईचं घर. एक फ्रीज, दोन पंखे, टीव्ही. कूलर अजून माळ्यावरच होता.

मीटर स्मार्ट असल्यामुळे रोजचा वापर मोबाइलवर दिसतो. महिन्याभराचे आकडे वहीत उतरवून काढले आणि थबकले. साडेचार, सहा, साडेचार, सहा. एक दिवस कमी, एक दिवस जास्त, महिनाभर तसंच. फ्रीज बंद केल्यावर आकडे खाली आले होते, पण एक दिवसाआडची पायरी तशीच होती.

इंदुरात एक दिवसाआड काय येतं, हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. नळ.

"आजी, मोटर कोणाच्या मीटरवर आहे?"

"वरच्यांच्या. पहिल्यापासून."

दुपारी कियोस्क बंद करून वाड्यात गेले. नळाचाच दिवस होता. जिन्याखाली एक हॉर्सपॉवरची मोटर, शेजारी हौद, आणि तिथून गच्चीवरच्या टाकीत पाणी जातं. तीन बिऱ्हाडं त्याच टाकीवर. वरच्या काकांनी मोटर लावली तेव्हा आजींच्या मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागला. मोटर बंद, दिवा सावकाश. पुन्हा चालू, पुन्हा भराभर. आम्ही तिघं जिन्यात उभे राहून तो दिवा बघत होतो. काकांचा चेहरा उतरला. फेब्रुवारीअखेर त्यांनी वायरिंग नवीन करून घेतलं होतं, तेव्हा वायरमनने मोटरची वायर जवळ पडतं म्हणून आजींच्या मीटरला जोडून टाकली. कोणाच्या मनात पाप नव्हतं. दीड तास मोटर, महिन्यात पंधरा दिवस, तासाला साधारण एक युनिट. हिशोब लागला.

मला खरा धक्का बसला तो पुढचा हिशोब करताना. काकांकडे गीझर आहे, एसी आहे, त्यांचा वापर कायमच दीडशेच्या वर. तीच 23 युनिटं त्यांच्या मीटरवर गेली की सगळं धरून दोनशे रुपयांच्या आसपास बसतात. आजींच्या मीटरवर त्यांचेच जवळजवळ पावणेनऊशे झाले होते. पाणी तेच, मोटर तीच. जी बाई सगळ्यात कमी वीज वापरते, तिच्याकडून चौपट पैसे गेले. ही रेघ इतकी उभी का ठेवली आहे, उतरती का करता येत नाही, हे मला आजही पटत नाही.

नळाच्या पट्टीबद्दल आपल्याकडे केवढी चर्चा होते. अर्ध्या इंची घरगुती नळाचे दोनशेचे तीनशे झाले तेव्हा माझ्याकडे रोज कोणी ना कोणी चिडून जायचं. ती पट्टी महिन्याची ठरलेली, कमी वापरा की जास्त. पाण्याचा चढता खर्च तिच्यात दिसतच नाही. तो विजेच्या बिलात जाऊन बसतो. शहराचंही तेच आहे. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सत्तर किलोमीटर येतं आणि वाटेत पाचशे मीटरांहून जास्त उंच घाट चढतं. तो चढ पंपांवर, म्हणजे विजेवर. म्हणूनच पालिकेने 2023 साली 244 कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे, काढून जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. एवढा घाट चढून आलेलं पाणी आपल्या हौदात पडतं, आणि तिथून तीन मजले आपण पुन्हा चढवतो.

जिन्यातच आजी म्हणाल्या, "सत्तर साली नर्मदा आणा म्हणून सगळं शहर रस्त्यावर होतं. मी नवी नवरी, सासरे मोर्चात जायचे. अठ्ठ्याहत्तरला पाणी आलं तेव्हा आम्ही नळाला हळदकुंकू वाहिलं होतं." आणि मग हळूच, "पाण्यासाठी जास्त पडले असतील तर पडू देत. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चालू राहतंय. वय झालं म्हणून."

काकांनी त्याच संध्याकाळी वायरमनला बोलावलं. मोटर त्यांच्या मीटरवर गेली, आणि तिन्ही बिऱ्हाडांनी दरमहा सत्तर-सत्तर रुपये काढायचं ठरलं. त्या महिन्याच्या बिलात काही सूट मिळणार नव्हती, मीटर खोटं बोललं नव्हतं. वरचा फरक काकांनी भरला. आजी नको नको म्हणत होत्या, त्यांनी ऐकलं नाही.

निघताना मी आजींच्या स्वयंपाकघरात गेले. फ्रीजचं दार उघडं, आत वर्तमानपत्र अंथरलेलं, प्लग काढून वर ठेवलेला. मी तो लावला. आजींनी दार लावून घेतलं आणि कान देऊन उभ्या राहिल्या, चालू झाला का ते ऐकत.