‘कोवळं ऊन’ खोड

आमचे सामान्य मराठीचे सर दर शुक्रवारी निबंध लिहायला लावतात. विषय वेगवेगळे देतात, ‘घर’, ‘एकटेपण’, ‘मी आणि माझा आरसा’, पण गाडी फिरून आयुष्यावरच येते. एफ.वाय.च्या पोरांना आयुष्याचं काय माहीत असतं, असं मागच्या बाकावरून एकदा कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, ‘‘म्हणूनच आत्ता लिहा. कळायला लागलं की लपवायला लागाल.’’ वर्ग हसला. मी ते वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर टिपून घेतलं. पुढच्या निबंधात चिकटवता येईल म्हणून.

माझी निबंधाबद्दल तक्रार नव्हती. शाळेपासून मला त्यात मार्क पडत आले. आयुष्य म्हणजे नदी, दुःख म्हणजे सावली, आई म्हणजे सागर. माझ्याकडे भरपूर साठा होता. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत, तिघं जण पोलीस भरतीच्या गप्पा मारत असताना, मी एका बैठकीत साडेतीन पानं काढायचो. सर समासात लाल पेन्सिलीने बारीक अक्षरात दोनच शब्द लिहायचे. एकदा लिहिलं होतं, ‘कोणती नदी?’ मला राग आला होता. मी औसा तालुक्यातला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तेव्हा मी चौथीत होतो, घागरीची रांग मला पाठ आहे. आणि मी लिहीत होतो की आयुष्य खळाळत्या नदीसारखं असतं. राग त्याचाच आला असणार, पण तेव्हा तो सरांच्या नावावर टाकला.

मध्ये एकदा इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख वाचून त्यावर लिहायला सांगितलं. १९४९ साली आलेल्या त्याच नावाच्या संग्रहातला. एका सभेत बाईंची ओळख करून देतात : अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, तमक्यांची पत्नी. बाईंना ती ओळख कुठेतरी अपुरी वाटत राहते. पुढे रस्त्याने जाताना शाळकरी पोरं आपसात सांगतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि तिथे ती पुरी होते. मी त्यावर मातृत्वाच्या महतीची दोन पानं लिहिली. सरांची लाल पेन्सिल : ‘तुला कोण काय म्हणून ओळखतं?’ याचं उत्तर खरं तर एका ओळीचं होतं. पुण्यात मला कोणी ओळखत नव्हतं.

अशा दिवसांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रुपवर निरोप आला : टी.वाय.च्या अंध विद्यार्थिनीसाठी मराठीच्या पेपरला लेखनिक हवा आहे. मी हो म्हटलं. उगाच चांगुलपणा घेत नाही. अर्धी हौस होती, अर्धा दिवसभराच्या खोलीचा कंटाळा.

परीक्षा विभागातल्या मॅडमनी आधी माझा विषय विचारला. अर्थशास्त्र म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा आणि त्याला त्या विषयात फारसं येत नसेल तर आणखी बरं, असा त्यांचा हिशेब. मग एका कागदावर सही : मी परीक्षार्थीला उत्तरं सांगणार नाही, स्वतःचं काही लिहिणार नाही. मी न वाचता सही केली. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा, हे मला तिथेच कळलं. चार तास दुसऱ्याचं लिहायचं म्हणजे बोटांचं काय होतं, ते दुपारी कळलं.

ती पांढरी काठी घडी करत आत आली आणि पहिल्यांदा विचारलं, ‘‘अक्षर कसंय तुझं?’’

‘‘बरं आहे.’’

‘‘बरं म्हणजे? मागच्या वर्षीच्या पोराचं त्याचं त्यालाच वाचता येत नव्हतं. परत वाचून दाखव म्हटलं की अडखळायचा.’’

मी सांगितलं की शाळेत सुलेखनात माझा नंबर यायचा. ‘‘मग ठीक,’’ ती म्हणाली आणि बसली. वयाने मोठी, म्हणून मी ताई म्हणायचं ठरवलं. ती मला अरे म्हणत होती.

आम्हाला वेगळी खोली दिली होती, ग्रंथालयामागची, जुन्या बाकांची. वेगळी का, ते पहिल्या दहा मिनिटांत समजलं. मी प्रश्नपत्रिका वाचून दाखवली आणि तिने पिशवीतून ब्रेलची पाटी आणि टोचायचं पेन काढून मुद्दे काढायला सुरुवात केली. टुक टुक टुक. उजवीकडून डावीकडे. कागद उलटवला की ठिपके वर येतात आणि ते डावीकडून उजवीकडे वाचायचे. म्हणजे प्रत्येक अक्षर लिहिताना ते मनात उलटं करून टोचायचं. मला माझं नाव उलटं लिहायला सांगितलं तर मी घाम पुसत बसेन.

पर्यवेक्षक दर अर्ध्या तासाने डोकावायचे. एकदा मला विचारलं, ‘‘हिला पाणी हवंय का?’’

‘‘हिला नकोय,’’ ती म्हणाली.

पहिले तीन प्रश्न सरळ गेले. ती अर्धं वाक्य सांगायची, थांबायची, माझ्या पेनाचा आवाज थांबला की पुढचं. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद, सगळं बोलून. मधल्या थांबण्यात मला कळायचं की ती वाट बघत नाहीये, पुढची ओळ लावते आहे.

शेवटचा प्रश्न ललित निबंध, वीस मार्क. तीन विषय : ‘आयुष्य : एक प्रवास’, ‘मी पाहिलेला आठवडी बाजार’, ‘समाजमाध्यमे आणि मी’. वाचताना मी पहिल्या विषयावर जरा जास्तच जोर दिला असावा. तो मी दोन शुक्रवार आधीच लिहिला होता. ती घेईल आणि मी मनात ताडून बघेन, अशी एक चोरटी इच्छा होती.

‘‘प्रवासावर लिहायचं तर तिकीट कोणी काढलं ते लिहावं लागेल,’’ ती म्हणाली. ‘‘बाजार घे.’’

मी शीर्षक लिहिताना घुटमळलो. ‘पाहिलेला’पाशी पेन अडलं. आवाजावरून तिला ते कळलं. ‘‘पाहिलेला. अरे, मी टीव्ही पाहते, क्रिकेट पाहते, माणूस पाहून ठेवते. लिही.’’

मग तिने बाजार सांगायला सुरुवात केली. तिच्या गावचा, जुन्नरच्या बाजूचा. पोत्यावर मांडलेला आईचा लसूण आणि मिरची. बाजारात ती वासांनी चालायची : जिलेबीच्या तुपाळ वासापासून सरळ, सुकटीचा वास आला की उजवीकडे, चपलांच्या रबराचा वास म्हणजे पुढे गेलो, परत फिरा. गिऱ्हाईक ती पायांच्या आवाजावरून ओळखायची. सकाळी तराजूच्या साखळीचा आवाज, आणि नंतर सगळ्यांनी इलेक्ट्रॉनिक काटे घेतल्यावर नुसती पीप पीप. त्याने बाजार सगळीकडे सारखाच वाटायला लागला, असं एक वाक्य होतं.

मी चांगला रमलो होतो. आणि तिथेच माती खाल्ली.

ती म्हणाली, ‘‘सकाळी सातला आई पोतं अंथरायची.’’ आणि माझ्या हाताने लिहिलं, ‘सकाळी सातला कोवळ्या उन्हात आई पोतं अंथरायची.’ मी ठरवून केलं नाही. हाताला सवय होती. सकाळ आली की कोवळं ऊन येतंच.

दोन परिच्छेद झाल्यावर ती म्हणाली, ‘‘वाच.’’ मी वाचलं. ती जागा आली तेव्हा क्षणभर वाटलं, वगळून वाचावं. तिला कळलंच नसतं. पण डोळ्यांच्या आधी तोंड गेलं आणि मी वाचून बसलो.

‘‘कोवळं ऊन मी बोलले नव्हते.’’

‘‘नाही.’’

‘‘कुठून आलं?’’

मी गप्प. सकाळी सही केलेला कागद आठवला. ती चिडलेली नव्हती, तेच अवघड होतं.

‘‘खोड. आमची जागा वडाखाली होती. दुपारपर्यंत तिथे ऊनच यायचं नाही, थंडीत आई त्यासाठी पाच वर्षं भांडली समितीच्या माणसाशी.’’ मग थोडं थांबून, ‘‘ते पण घाल. मी विसरलेच होते.’’

स्वच्छ उत्तरपत्रिकेवर मी आडवी रेघ मारली.

पुढचं तिने एका दमात सांगितलं. आई गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव उतरवायची. म्हातारी आली की पाच कमी, ओळखीचं आलं की मूठभर जास्त. संध्याकाळी हिशेब बसायचा नाही. मग आईने पोरीला पुढे बसवलं. ‘तुला दिसत नाही ते बरं आहे. भाव तूच कर.’ आणि ती करायची. माणसाचा चेहरा मध्ये येत नसल्यामुळे भाव खाली यायचा नाही. हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला ते लिहून झाल्यावर कळलं.

त्यानंतर नोटा. जुनी शंभरची नोट पन्नासच्या नोटेपेक्षा एक सेंटिमीटर लांब होती, बोटावर ठेवली की कळायची. नव्या नोटा आल्या आणि शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६. रुंदी तीच. चार मिलिमीटरवर बाजार करायचा. ओळखण्यासाठी उठावाच्या खुणा असतात, शंभरवर त्रिकोण, पाचशेवर गोल. पण नोट मिरचीच्या हातांतून फिरली की त्रिकोण झिजतो. हे आकडे तिला तोंडपाठ होते. लिहिताना मला वाटलं, ललित निबंधात मिलिमीटर बसतील का. विचारायची हिंमत झाली नाही. एकदा हात पोळला होता.

शेवटी संध्याकाळ. ताडपत्र्या झटकल्याचा आवाज, मग टेम्पोचं फाळकं लागल्याचा. ‘पूर्णविराम,’ ती म्हणाली. मी विचारलं, शेवट? ती म्हणाली, ‘‘फाळकं लागलं की बाजार संपतो.’’

पुठ्ठ्याला चौकोनी खाच पाडलेली होती, ती मी सहीच्या जागेवर धरली आणि तिने आत सही केली. खाली मी केली. लेखनिक.

त्या शुक्रवारी मी सरांना सव्वा पानच दिलं, घागरींच्या रांगेवर. रांगेत माझ्या पुढे कोण असायचं, आणि टँकरचं पाणी आधी कोणाच्या गल्लीत जायचं. चार ठिकाणी खाडाखोड होती. लाल पेन्सिलीने काहीच आलं नाही, कोपऱ्यात नुसती बरोबरची खूण. त्यावर समाधान मानायचं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित वह्यांचा गठ्ठाच मोठा असेल.

पेपर संपल्यावर गेटजवळच्या टपरीवर तिने चहा सांगितला आणि मला पैसे देऊ दिले नाहीत. दोनशेची नोट दिली. टपरीवाल्याने परत दिलेल्या नोटा तिने एकेक करून मधल्या बोटावर मापल्या, एक उभी दुमडली, एक आडवी, आणि वेगवेगळ्या कप्प्यांत घातल्या. तो बघत राहिला. माझी बोटं पेन धरल्यासारखी वाकडीच होती, कप डाव्या हाताने उचलावा लागला.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. ‘‘हो, झाला. चांगला गेला. सगळा लिहिला, तुझा लसूण पण आला त्यात... नाही गं, एकटी नाहीये, हा आहे ना बरोबर... कोण म्हणजे? माझं अक्षर.’’

पलीकडून आईने आणखी काहीतरी विचारलं. तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘अरे, नाव काय तुझं?’’