डाव्या हाताची सही

रविवारी सकाळी साडेअकराचा कुस्तीचा खेळ असला की मी टोकियोतल्या निशीकसाईच्या घरातून दहालाच निघतो. तोझाई लाइननं इइदाबाशी, तिथं गाडी बदलली की पुढचंच स्टेशन सुइदोबाशी. त्या दिवशी दारात बूट घालता घालता आबांना शेवटचं विचारलं, "येताय का? एक तिकीट सांगून ठेवलंय."

आबा गॅलरीत उन्हाला बसले होते. "नुरा कुस्ती बघायला तिकीट काढायचं व्हय रं?" म्हणाले आणि पाय आणखी लांब केले. नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली.

आबा म्हणजे माझे वडील. वय त्र्याहत्तर. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले, खासबागेच्या मातीत दोनदा उतरलेले. तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आले होते. जपानी पैलवानांत ते एकट्या इनोकीला मानतात, तेही 1976 साली कराचीत त्यानं अक्रम पैलवानाचा हात जायबंदी केला म्हणून. "त्या दिवशी खरी झाली," एवढंच बोलतात. मी आठवडाभर ऑफिस करतो आणि शनिवार-रविवार एका इंग्रजी संकेतस्थळासाठी कुस्तीच्या खेळांची परीक्षणं लिहितो. हे काम असू शकतं, हे आबांना नऊ वर्षांत पटलेलं नाही.

आमच्या कामात प्रत्येक लढतीला तारे द्यावे लागतात. अमेरिकेतल्या डेव्ह मेल्ट्झर यांच्या वार्तापत्रामुळे ही पद्धत रूढ झाली. पाच तारे म्हणजे पैकीच्या पैकी. 4 जानेवारी 2017 ला टोकियो डोममध्ये ओकादा आणि केनी ओमेगा या पैलवानांच्या लढतीला त्यांनी सहा दिले आणि तेव्हापासून सगळ्यांचाच हात सैल सुटला. मी पाव तारासुद्धा विचार करून देतो. निकाल आधी ठरलेला असतो हे समोरच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, त्यामुळे कोण जिंकलं याचं परीक्षण होत नाही. दोन माणसं एकमेकांच्या अंगाचा भार कसा वागवतात, त्यातून गोष्ट कशी उभी करतात, ते जोखायचं असतं. मला ते जोखता येतं, असं त्या सकाळपर्यंत मी धरून चाललो होतो.

कोराकुएन हॉल 1962 पासून उभा आहे. मुष्टियुद्ध आणि कुस्ती, दोन्ही तिथं चालतात. सभागृह पाचव्या मजल्यावर. लिफ्ट असली तरी मी जिन्यानंच चढतो, कारण जिन्याच्या भिंतींवर चाहत्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं वाचायला मिळतं: आवडत्या पैलवानांची नावं, शिव्या, नवस. आत दीड-दोन हजार माणसं मावतात आणि कुठंही बसलं तरी छातीवर बसलेल्या चापटीचा आवाज थेट कानात येतो. टोकियोतल्या प्रेक्षकाची शांतता नवख्याला चमत्कारिक वाटते. लोक डाव बघत असतात, म्हणून गप्प असतात. मेक्सिको सिटीतल्या अरेना मेहिकोत मी दोनदा गेलोय. 1956 साली उघडलेलं, सोळा हजारांहून जास्त माणसं मावणारं ते मैदान म्हणजे निव्वळ गलका. बायाबापड्या रूदोला, म्हणजे खलनायकी पैलवानाला, शिव्या घालतात आणि लढत मनापासून आवडली की रिंगणात पैसे फेकतात. ते पाहून मला आमच्या जत्रेतल्या फडाची आठवण झाली होती. हलगी तेवढी नव्हती.

या दोन गावांचं नातं जुनं आहे. 1970 च्या दशकात ग्रान हामादा हा अंगानं लहान जपानी पैलवान मेक्सिकोत गेला आणि तिथं मोठा झाला. सायामा हा दुसरा जपानी पैलवानही तिथं खेळून आला. 23 एप्रिल 1981 ला तोच टायगर मास्क नावानं मुखवटा घालून डायनामाइट किड या इंग्रज पैलवानापुढे उतरला आणि इथली पोरं वेडी झाली. उल्तिमो ड्रॅगन या जपानी पैलवानानं 1997 मध्ये मेक्सिकोत शाळाच काढली. आजचा ओकादा त्याच शाळेतला. 2011 पासून दोन्हीकडच्या मोठ्या कंपन्या मिळून जपानात दौरेही काढू लागल्या. मी सांगतोय तो खेळ मात्र एका छोट्या कंपनीचा. तिचं नाव लिहीत नाही, पैलवानांचीही नाही. का ते पुढं कळेल.

शेवटची लढत तिघांविरुद्ध तिघे, मेक्सिकन नियमांनी. यात जोडीदाराच्या हाताला हात लावायची गरज नसते. एक जण रिंगणाबाहेर पडला की दुसऱ्यानं आत यायचं, त्यामुळे सगळं पाण्यासारखं वाहतं. एका बाजूला मेक्सिकोहून आलेला मुखवट्याचा पोरगा, अंगात वारा भरल्यासारखा. समोर त्याच्याच देशातला पंचेचाळिशीचा जाडजूड रूदो. बाकी चौघे जपानी. अशा जाडजूड माणसाला मेक्सिकोत 'बासे' म्हणतात, म्हणजे पाया. उडणारा उडतो, पण त्याला हवेत धरायचं, फिरवायचं आणि सुखरूप जमिनीवर आणायचं काम बासेचं. टाळ्या उडणाऱ्याला मिळतात. परीक्षणातलं वाक्यही बहुतेक वेळा त्यालाच मिळतं.

सहाव्या मिनिटाला पोरगा धावत आला आणि दोरांवरून बाहेर झेपावला. कडेला उभ्या शिकाऊ मुलांनी पुढच्या रांगेतल्या लोकांना आधीच बाजूला केलं होतं. बासेनं त्याला अंगावर घेतलं, दोघे खुर्च्यांत कोसळले. वहीत मी लिहिलं, "बाहेरची उडी, ठीक."

त्यानंतर लढत जड झाली. निदान मला तशी वाटली. पोरगा धावायचा आणि पाऊलभर अडखळून मग उडायचा. आर्मड्रॅगला, म्हणजे दंडाला धरून भिरकावण्याच्या डावाला, उशीर. केब्रादोरात, म्हणजे हवेत गरकन फिरवून गुडघ्यावर पाठ टेकवण्याच्या डावात, दोघांचा मेळ एकदा हुकला. बासे बराच वेळ कोपऱ्यात उभा राहून हातवारे करत होता. माझी टिपणं अजून आहेत: "बासे मंद. प्रवासाचा शीण? पोरगा बावरलेला. चौघे जपानी सांभाळून घेताहेत." अठराव्या मिनिटाला घंटा झाली. वहीच्या कडेला पावणेतीन तारे लिहून मी त्याभोवती गोल केला.

खेळ संपल्यावर पैलवान बाहेर टेबलं लावून फोटो आणि मुखवटे विकतात. छोट्या कंपन्यांत याच पैशांवर बऱ्याच जणांचा महिना निघतो. बासेच्या टेबलापुढं चारच माणसं होती. मी हजार येनचा फोटो घेतला. त्यानं खांद्यावर जाड टॉवेल टाकलेला होता आणि घाम गालावरून ओघळत असूनही तो पुसत नव्हता. डाव्या हातानं सही करून फोटो माझ्याकडं सरकवला आणि हसला. डावखुरा आहे वाटतं, असं मनात येऊन गेलं.

घरी आलो, जेवलो, लॅपटॉप उघडला. चित्रीकरण संध्याकाळपर्यंत चढतं. डावांची नावं आणि वेळा तपासायला मी ते पुन्हा बघतोच. आबा शेजारी सुपारी कातरत बसले होते. पडद्याकडं त्यांचं लक्ष नाही असं मला वाटत होतं. अकराव्या मिनिटाच्या आसपास अडकित्ता थांबला.

"त्या जाड्याच्या खांद्याला काय झालंय रं?"

"कुणाच्या?"

"त्यो काळ्या चड्डीचा. उजवा खांदा गेलाय त्याचा. दंड बघ की, बरगडीला चिकटवून धरलाय. पोराला घेतोय त्यो डाव्यानं घेतोय."

मी म्हणालो, "तो डावखुराच आहे, आबा."

"डावखुरा माणूस उभा कसा ऱ्हातो त्ये मला शिकवू नगंस. पहिल्यापासनं लाव."

पहिल्यापासून लावलं. पहिल्या पाच मिनिटांत बासे सगळं उजव्यानं करत होता. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि ज्याला हे सर्वांत आधी दिसायला हवं होतं तो मी होतो. जपान-अमेरिकेत पैलवान डाव्या अंगावर काम करतात. मान डाव्या काखेत घ्यायची, पिळायचा तो डावा हात. मेक्सिकोत बरोबर उलटं, सगळं उजव्या अंगानं. हे पहिल्या महिन्यापासून हाडात मुरवलेलं असतं. दोन देशांचे पैलवान समोरासमोर आले की सुरुवातीला ठेच लागते ती इथंच. ही लढत मेक्सिकन पद्धतीची, म्हणून सहाही जण उजवीकडून खेळत होते. सातव्या मिनिटानंतर सहाही जण डावीकडून खेळत होते.

आम्ही सहावं मिनिट पुन्हा पुन्हा लावलं. पोरगा झेपावतो तेव्हा एक खुर्ची रांगेतून पुढं सरकून राहिलेली दिसते. बासेची नजर एकदा तिच्यावर जाते. मागं सरकला असता तर तो मोकळ्या जागेत पडला असता, पण पोराचं डोकं खुर्चीच्या पाठीवर गेलं असतं. तो अर्धं पाऊल आत येतो, पोराला छातीवर घेतो, आणि दोघांचं वजन उजव्या खांद्यावर येतं. मग रेफरी खाली वाकून त्याचा डावा पंजा धरतो, कानाशी काहीतरी विचारतो. उठून आत जातो आणि पोराला दटावल्याचं नाटक करत त्याच्या तोंडाशी तोंड नेतो. पोरगा क्षणभर बासेकडं बघतो. मुखवट्यातून डोळे तेवढे दिसतात.

पाऊलभर अडखळणं म्हणून मी जे लिहिलं होतं, ते त्यापुढचं. पोरगा प्रत्येक उडीआधी जन्मभराची सवय उलटी करत होता. आर्मड्रॅगला बासे डावा हात पुढं करत होता, म्हणजे पोरानं उलट्या अंगाला वळायचं. केब्रादोरा आरशात बघावा तसा. एकदा हुकला, दुसऱ्यांदा बसला. चौघा जपान्यांचा रोजचाच हात डावा, त्यामुळे त्यांना सोपं गेलं. पण त्यांनी वेळ काढून दिला होता, तो मला हॉलमध्ये कंटाळवाणा वाटला होता. त्यातल्या एकानं बासेला छातीवर चापट मारायच्या आधी बाजू बदलून, डाव्या हाताला उभं राहून मारली. बासेचा उजवा दंड हलू नये म्हणून. मी ती चापट पाच वेळा पाहिली.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "वारणेकाठच्या एका जत्रंत माझा असाच खांदा सरकला हुता. ढाक मारायला गेलो आन् खाली आलो. समोरच्यानं कब्जा घेतलेला, हात पिळला असता तर निकाल झाला असता. त्यानं हात सोडून पट धरला. पंचवीस मिन्टं चालली, बरोबरीत सोडवली. लोकांनी नुरा नुरा म्हणून बोंब मारली."

ही कुस्ती मी लहानपणापासून ऐकत आलोय. बरोबरीची कुस्ती, इनामाचे पैसे वाटून घेतले, एवढीच. खांद्याचं कधीच नव्हतं त्यात.

"त्याला म्हाईत हुतं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"म्हाईत असल्याबिगार हात सोडील व्हय?"

रात्री साडेअकराला मी परीक्षण पुन्हा लिहायला घेतलं. पहिली अडचण ही, की खरं कारण लिहायचं तर दुखापत लिहावी लागणार. दौऱ्याचे चार खेळ बाकी होते. परदेशातून आलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या पैलवानाबद्दल खांदा गेल्याची बातमी आली की पुढचं बोलावणं येत नाही, हे मी इथं पाहिलेलं आहे. शिवाय त्यानं ते दोन हजार डोळ्यांपुढं बारा मिनिटं लपवलं होतं. ते उघडं करायचा अधिकार मला आहे असं वाटेना. दुखावलेला माणूस खेळत राहिला याचं कौतुक करायलाही माझा हात धजत नाही, कारण अशा कौतुकातूनच पुढचा पोरगा मोडका खांदा घेऊन उभा राहतो. त्या लढतीला तिथंच थांबवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

शेवटी मी बाजूबद्दल लिहिलं. सातव्या मिनिटाला सहा जणांनी न बोलता उजवी बाजू सोडून डावी घेतली, कोणत्या डावात ते दिसतं, आणि ते किती अवघड असतं. कारण लिहिलं नाही. बासेला चार ओळी दिल्या, त्या आधीच्या नऊ वर्षांत कुठल्याच बासेला दिल्या नव्हत्या. ताऱ्यांची जागा कोरी ठेवली. संपादकाचा लगेच निरोप आला की आकडा राहिलाय. मी कळवलं की या लढतीला आकडा देणार नाही. त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं नाही. परीक्षण तसंच गेलं. पुढचे दोन महिने मला कमी खेळ मिळाले. दोन्हींचा संबंध होता की नाही, मी विचारलं नाही.

झोपण्याआधी मी कपाटातली फोटोंची फाइल काढली. याच पैलवानाची सही मी दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये घेतली होती, हे रात्री उशिरा आठवलं. जुनी सही एका झटक्यात केलेली, उजवीकडं झुकलेली, शेवटच्या अक्षराचं शेपूट फोटोच्या कडेपर्यंत गेलेलं. सकाळची सही सुटी सुटी, पाटीवर नुकतंच गिरवायला शिकलेल्या पोरासारखी. पहिलं अक्षर तर दोनदा काढलेलं.

आबांनी दोन्ही फोटो हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवून दिव्याखाली धरले.

"बुधवारी खेळ हाय म्हनतोस ह्येचा?" त्यांनी विचारलं. "कितीला निघायचं?"