मुदत संपलेला स्टॅम्प

"मॅडम, तुम्ही मोबाईल नोटरी आहात का?" मी ठाण्यात नोटरी आहे, म्हणजे सही माझ्यासमोर झाली असं शिक्का मारून प्रमाणित करणारी वकील. फोनवर असं कुणी विचारलं की समोरचा अमेरिकेतून आलाय हे मी ओळखते. तिकडे तो वेगळा धंदाच आहे. शिक्का घेऊन गाडीतून फिरायचं, बोलावतील तिथे जायचं, सही करणारा तोच आहे ना आणि राजीखुशीने करतोय ना ते बघायचं. तो नोटरी बहुतेक वेळा वकीलही नसतो. व्हर्जिनियात तर २०१२ पासून व्हिडिओवरसुद्धा नोटरी होते.

आपल्याकडे असा वेगळा प्रकार नाही. १९५२ चा नोटरी कायदा आणि १९५६ चे नियम, त्यावरच सगळं चालतं. किमान दहा वर्षं वकिली झालेली हवी (आम्हा बायकांना सात), मग सरकार प्रमाणपत्र देतं, त्यात तुमचा भाग लिहिलेला असतो आणि त्या भागात तुम्ही काम करायचं. आजारी माणसाच्या घरी किंवा हॉस्पिटलात जायला मनाई नाही. नियमात फीबरोबर प्रवासभत्ताही आहे. तेव्हा परवा असंच विचारणाऱ्या एका मुलाला मी सांगितलं, मोबाईल वगैरे नाही, पण येईन.

काम साधं वाटत होतं. वडील चौऱ्याऐंशीचे, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे टॉवरमध्ये घर. नौपाड्यातला जुना फ्लॅट भाड्याने दिलेला. बँक, भाडं, सोसायटी, वीजबिल यासाठी मुलाच्या नावाने मुखत्यारपत्र, म्हणजे वडिलांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, हवं होतं. मुलाचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी रात्री.

फोनवर मी नेहमीची यादी दिली. आधार आणि पॅन मूळ, झेरॉक्स नाही. दोघांचे पासपोर्ट साइझ फोटो. घरातले नसलेले दोन साक्षीदार. काका शुद्धीवर आहेत, समजून सही करू शकतात असं डॉक्टरांचं ताज्या तारखेचं पत्र. पाचशेचा स्टॅम्प पेपर. आणि माझ्यासमोर होईपर्यंत कुठेही सही करायची नाही. हे शेवटचं मी दोनदा सांगते, तरी दहातली चार घरं सही उरकून मोकळी झालेली असतात.

दुपारी बाराच्या सुमाराला कारकुनाला घेऊन कोर्ट नाक्यावरून निघाले. पाऊस, मेट्रोचं काम, खड्डे; कापूरबावडीलाच अर्धा तास गेला. पिशवीत गोल शिक्का, लाल कागदी सील, नोटरीची तिकिटं, स्टॅम्प पॅड आणि रजिस्टर. रजिस्टर बरोबर नेल्याशिवाय मी घराबाहेरचं काम घेत नाही, कारण नोंद आणि रजिस्टरातली सही तिथल्या तिथे झाली पाहिजे. 'फोटो पाठवा, शिक्का मारून घरपोच देतो' असल्या जाहिराती हल्ली रोज दिसतात. त्या कागदावर नोटरीने नेमकं कुणाला पाहिलेलं असतं, हे त्यांना एकदा कोर्टात विचारायला हवं.

घरात शिरले तर टेबलावर सगळं नीट मांडून ठेवलेलं. फोटो, आधार, डॉक्टरांचं पत्र, समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ आणि फिजिओथेरपिस्ट हे दोन साक्षीदार, चहासुद्धा. आणि मुखत्यारपत्रावर तिन्ही पानांवर काकांच्या सह्या.

"काल रात्रीच घेतल्या, मॅडम. म्हटलं तुमचा वेळ वाचेल."

पहिलं पान शंभराच्या स्टॅम्प पेपरवर छापलेलं. उलटं करून मागची खरेदीची तारीख बघितली तर पावणेदोन वर्षांपूर्वीची. "घरात पडून होता, वाया कशाला घालवायचा?" स्टॅम्प पेपर घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरला नाही तर बाद होतो. शिवाय २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभर-दोनशेच्या जागी पाचशे झाले. म्हणजे तो कागद दोन वेळा मेलेला होता.

स्टॅम्प वेंडरच्या रजिस्टरात घेणाऱ्याची सही लागते, म्हणून मुलालाच कारकुनाबरोबर पाठवलं. काकांच्या नावाने, हस्ते मुलगा. मजकुराची फाईल मुलाच्या फोनमध्ये होती, कोर्ट नाक्यावरचा टायपिस्ट ती नव्या कागदावर छापून देणार होता. जाऊन येऊन दीड तास कुठे गेला नाही. मी म्हटलं, तोवर काकांशी बोलून घेते.

"काका, तुमचं पूर्ण नाव सांगता?"

"जेवलो, जेवलो."

"आज मी कशासाठी आलेय, माहीत आहे?"

"फॅन जरा कमी करा."

मी पेनाला टोपण लावलं. डॉक्टरांचं पत्र आठ दिवसांपूर्वीचं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत आठ दिवस पुष्कळ झाले. सूनबाईंना सांगितलं की हे माझ्याच्याने होणार नाही, मुलाला फोन करा, स्टॅम्पचे पाचशे वाचतील. खरं तर तेव्हा मला थोडं बरंच वाटलं होतं. नाही म्हणायचं कारण स्पष्ट असलं की काम सोपं जातं.

काकांचं सगळं करायला ठेवलेल्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, त्यांचं मशीन बंद आहे. तीन दिवस झाले सेल संपलाय."

श्रवणयंत्र उशाजवळच्या डबीत होतं. मुलगा चार दिवसांपूर्वी आलेला. बाबा भलतंच बोलतात याचा त्याने वयाशी मेळ घातला. मावशींना कुणी विचारलं नव्हतं. वीस वर्षांहून जास्त या धंद्यात काढूनही मलासुद्धा ते सुचलं नाही.

टेबलावर तो बाद स्टॅम्प पेपर होता. मागच्या बाजूच्या कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरात लिहिलं: 'तुमचं नाव काय? हा कागद कशाचा?'

काकांनी चष्मा मागितला. वाचलं. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा चढ्या आवाजात नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं सांगितलं आणि म्हणाले, "कशाचा ते मला कुठे माहीत? काल सही घेतली. मी विचारलं, कोणी उत्तर दिलं नाही. म्हटलं बँकेचं असेल." उत्तर दिलं असणार. पोचलं नव्हतं.

मी ती तीन पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी मावशींकडून ड्रॉवरमधली स्टीलची फूटपट्टी आणि पेन्सिल मागवली. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते, हे मला शेजाऱ्यांनी मागाहून सांगितलं. पट्टी एकेका ओळीखाली सरकवत, ओठ हलवत, काका वाचत होते. पंचवीस मिनिटं खोलीत कुणी बोललं नाही. दुसऱ्या पानावर पट्टी थांबली आणि त्यांनी एका शब्दाभोवती गोल काढला. हात थरथरत होता, तरी गोल मात्र गोल होता.

"बक्षीस? कोणाला?"

'सदर मिळकत विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे.' बक्षीस म्हणजे पैसे न घेता मिळकत दुसऱ्याच्या नावावर करणं. मुलाने इंटरनेटवरून नमुना उतरवला होता; बाबांना वाचता यावं म्हणून मुद्दाम मराठीतला शोधलेला. त्यात हे आयतं आलं. मी लिहून विचारलं, 'हे अधिकार द्यायचे आहेत का?' काका म्हणाले, "बँक बघ, भाडं घे, बिलं भर. विकायचं तर मला विचार. मी आहे अजून." आणि ती पूर्ण ओळ पट्टी लावून सरळ खोडली. जाता जाता फ्लॅटचा मजला चुकलेला दाखवला.

पानांचे फोटो काढून टायपिस्टला व्हॉट्सअॅपवर पाठवले, मुलाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, बक्षीस हा शब्द मी वाचलासुद्धा नव्हता." माझा त्याच्यावर विश्वास बसला. नमुने उतरवणारे मजकूर वाचत नाहीत, रिकाम्या जागा भरतात. नाही तरी विक्रीचं ते कलम तिथे अडलंच असतं. मुखत्यारपत्रावर दस्त नोंदणीला हजर करायचा तर ते दुय्यम निबंधकासमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, झालेलं लागतं, माझा शिक्का त्याला पुरत नाही. माणूस उठू शकत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात. हे मी त्याला फोनवरच सांगून टाकलं, पुढे कधी लागलं तर.

सव्वातीनला दोघे भिजून परत आले. मुलगा काही न बोलता बाबांच्या पलंगावर बसला आणि त्याने खिशातून श्रवणयंत्राच्या सेलची पट्टी काढली. येताना दोन मेडिकल पालथी घातली म्हणे. सेल बसला, काकांनी यंत्र कानात घातलं आणि पहिलं वाक्य कारकुनाला उद्देशून आलं: "पाय पुसून या."

सहीचा प्रश्न उरला होता. पॅनवरची सही तरुण हाताची, आताची तिच्याशी जुळेना. मी सुचवलं, अंगठा घेऊ या. काका भडकले. "मी काय अंगठाबहाद्दर आहे?" मी समजावलं की बँकेचा माणूस सह्या ताडून बघेल आणि अडवेल, म्हणून सही करा आणि शेजारी डावा अंगठाही द्या. बँकांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आजारी माणसाच्या पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो, हेही सांगितलं. त्यावर ते पहिल्यांदा हसले. "तेवढी वेळ नको आणूस."

तीन पानं आणि रजिस्टर, चार सह्या करायला दहा मिनिटं लागली. मग साक्षीदारांच्या सह्या, तिकीट, सील, शिक्का. अंगठ्याची जांभळी शाई मावशी खोबरेल लावून पुसत होत्या.

आता फोनवरच्या यादीत मी चष्मा, कवळी आणि कानाचं मशीनही सांगते, आणि घरात काळजी घेणारं कुणी असेल तर फोन त्यांच्याकडे द्यायला लावते.

निघण्याआधी कारकुनाने सवयीने आमचा दुसरा रबरी शिक्का मारला: 'मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला.' मी 'वाचून दाखवला' यावर रेघ मारली, वर 'स्वतः वाचला' असं लिहिलं आणि शेजारी सही केली. काकांनी कागद परत मागून घेतला, चष्म्यातून ती खाडाखोड बघितली आणि म्हणाले, "रेघ वाकडी आली."